तिशीनंतर नर्सिंग की एमबीबीएस : वयाची अट, पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

‘आता या वयात डॉक्टरकी कुठे, नर्सिंग तरी करू,’ असे म्हणत चौकशीला येणाऱ्यांना पहिला धक्का नियमातच बसतो. एमबीबीएसला वयाची वरची मर्यादा नाही, नर्सिंगला आहे. पूर्वी नीटसाठी, म्हणजे एमबीबीएसच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेसाठी, खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० वर्षांची अट होती. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ती काढून टाकली आणि २०२२ पासून चाळिशीतला उमेदवारही नीट देऊ शकतो. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षे पूर्ण असावीत, एवढीच वयाची अट उरली. कितीदा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत मात्र बीएस्सी नर्सिंग, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका) आणि एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविकेचा अभ्यासक्रम) या तिन्हींसाठी किमान १७ आणि कमाल ३५ वर्षे असे स्पष्ट लिहिले आहे. सूट एकच : नोंदणीकृत एएनएम जीएनएमला जात असेल तर तिला वयाची आडकाठी नाही. म्हणजे तुम्ही ३३-३४ वर्षांचे असाल तर नर्सिंगसाठी जेमतेम एक-दोन वर्षांचे प्रवेश हातात आहेत, एमबीबीएसचे दार मात्र पुढेही उघडे आहे. ‘आधी दोन वर्षे नीट देऊन बघतो, नाही जमले तर नर्सिंग आहेच,’ हा विशीतल्या मुलांचा हिशेब इथे उलटतो. दोन वर्षांनी नर्सिंग नसते.

बारावीची गुणपत्रिका काढून समोर ठेवा

वयानंतर सगळे बारावीवर अडते. पदवी कोणतीही असो, एम.कॉम. झालेले असो की अभियंता, प्रवेश बारावीवरच ठरतो.

एमबीबीएससाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून ५० टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) हवेत आणि इंग्रजीत उत्तीर्ण असायला हवे. बीएस्सी नर्सिंगला हेच विषय, पण ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. जीएनएमला कोणतीही शाखा चालते. इंग्रजीसह बारावी आणि ४० टक्के एवढे पुरते. एएनएम फक्त महिलांसाठी आहे, तिथेही कला शाखेची बारावी चालते. त्यामुळे बारावी कला किंवा वाणिज्य असलेल्या तिशीतल्या बाईसाठी खरा प्रश्न ‘नर्सिंग की एमबीबीएस’ हा नसतोच. तिच्यासाठी जीएनएम हा सरळ रस्ता आहे आणि तीन वर्षांचा आहे. पुढे नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही घेता येते.

बारावीला जीवशास्त्र नव्हते, गणित घेतले होते, अशांसाठी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आयोगाने वाट मोकळी केली. मान्यताप्राप्त मंडळाकडून राहिलेला विषय बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झाला तरी नीट देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, यासाठी लोक वापरतात. फक्त प्रात्यक्षिकाचे गुण गुणपत्रिकेवर आले आहेत ना, हे निकाल हाती पडताच पाहा. कमी टक्के पडलेत म्हणून राज्य मंडळाची श्रेणीसुधार परीक्षा देऊ, असे काहींच्या डोक्यात असते. ती सोय बारावीच्या लगतच्या मोजक्या परीक्षांपुरतीच असते, दहा-बारा वर्षांनी मिळत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच निपटून टाकू. नर्सिंग करून मधूनच एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला जाता येत नाही. जीएनएम झालेल्या, अतिदक्षता विभागात दहा वर्षे काम केलेल्या परिचारिकेलाही बारावी विज्ञान, नीट आणि पहिले वर्ष यातूनच जावे लागते.

दोन परीक्षा, दोन वेगळे अर्ज

नीट ही राष्ट्रीय परीक्षा एजन्सीची परीक्षा : १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास, बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. ती साधारण मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल (टक्के नव्हेत; परीक्षा दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे), राखीवला ४०. २०२५ मध्ये हा खुला कटऑफ १४४ गुणांवर आला होता. पात्र होणे आणि जागा मिळणे यांत किती अंतर आहे ते या आकड्यावरून समजून घ्या. १४४ गुणांवर सरकारी एमबीबीएसची जागा मिळत नाही, आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क संसार चालवत भरणे बहुतेकांच्या आवाक्यात नसते.

बीएस्सी नर्सिंगसाठी महाराष्ट्रात राज्य सीईटी (सामाईक प्रवेशपरीक्षा) कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे : १०० प्रश्न, ९० मिनिटे. भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग अभिक्षमता यांचे प्रत्येकी २० प्रश्न. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. नीटचा अभ्यास करणाऱ्याचे यातले ६० गुण त्याच अभ्यासात येतात. उरलेल्या ४० साठी महिनाभर वेगळा वेळ काढला की पुरते. जीएनएम-एएनएमचे प्रवेश कोणत्या पद्धतीने होणार हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. मागच्या वर्षी शेजारणीचा प्रवेश कसा झाला यावर विसंबू नका.

तिशी ओलांडलेल्याने दोन्ही अर्ज एकाच वर्षी भरावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अर्जाचे शुल्क काही हजारांत संपते, हुकलेले वर्ष परत येत नाही. पण ध्यानात ठेवा : नीट दिली म्हणजे राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत नाव आपोआप जात नाही. निकालानंतर सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर केंद्रीभूत प्रवेशासाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी करावी लागते. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी वैद्यकीय समुपदेशन समितीकडे आणखी एक. नर्सिंगची कॅप नोंदणी तिसरी. यातली एखादी विसरल्यामुळे चांगले गुण वाया गेलेले लोक दरवर्षी निघतात.

कागदपत्रे : वय वाढलेल्यांचे खरे दुखणे

अठरा वर्षांच्या मुलाची कागदपत्रे एका फाइलमध्ये असतात. तुमची तीन गावांत, दोन आडनावांत आणि एका बंद पडलेल्या कॉलेजात विखुरलेली असतात. म्हणून हे काम परीक्षेनंतर नव्हे, आदल्या दिवाळीपासून सुरू करा.

दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, आधार, नीट किंवा सीईटीचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, ठरलेल्या नमुन्यातले वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र आणि लागू असतील ती आरक्षणाची कागदपत्रे, हा गाभा. गुणपत्रिका हरवली असेल तर तुमच्या विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. बैठक क्रमांक आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष व महिना माहीत असला की काम लवकर होते. बारावीनंतर पदवी केली असेल तर मूळ दाखला त्या कॉलेजात जमा झालेला असतो. तिथून शेवटचा दाखला आणि विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र घ्यावे लागते.

राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी नुसते अधिवास प्रमाणपत्र पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेल्या असाव्या लागतात. अपवाद आहेत (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुले वगैरे), पण लग्न होऊन महाराष्ट्रात आलेल्या बाईची दहावी इंदूरची असेल तर ती घरी मराठी बोलते एवढ्यावर काही होत नाही.

शिक्षणात खंड असल्याचे शपथपत्र मागितले जाते. त्यात बारावीनंतरच्या प्रत्येक वर्षी काय करत होता (नोकरी, घर, दुसरा अभ्यासक्रम) ते वर्षवार लिहावे आणि खंडाच्या वर्षांत इतरत्र नियमित प्रवेश नव्हता हे नमूद करावे. पदवी केली असेल तर ती वर्षे ‘खंड’ म्हणून लिहू नका. गुणपत्रिकांशी ती जुळत नाहीत आणि पडताळणीत फाइल बाजूला पडते. नमुना आधी मागून घ्या, मगच मुद्रांकाचे बघा. जात, उत्पन्न, अधिवास, राष्ट्रीयत्व या प्रमाणपत्रांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरीही दारावरचा माणूस ५०० रुपयांचा मुद्रांक हातात ठेवतो.

आता विवाहित महिलांचे. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. नीटच्या अर्जात नाव दहावीप्रमाणेच भरायचे. सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदललेले असल्यास राजपत्राची प्रत ठेवायची. जातीचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणी वडिलांकडूनच लागते, लग्नाने जात प्रवर्ग बदलत नाही. पडताळणीला वडिलांकडचे जुने पुरावे लागतात आणि काही महिने जातात. ‘माझ्या भावाची आहे की’ म्हणून थांबू नका. भावाच्या वैधता प्रमाणपत्राचा पुरावा म्हणून उपयोग होतो, पण प्रवेशाला तुमच्या नावाचे लागते.

नॉन-क्रीमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे ओबीसींना लागणारे प्रमाणपत्र) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) यांत तर हमखास गोंधळ. नॉन-क्रीमीलेअर आई-वडिलांच्या स्थितीवर ठरते, त्यात नवऱ्याचा पगार धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये उलट : अर्जदार, आई-वडील, जोडीदार, १८ वर्षांखालची भावंडे आणि मुले, सगळे मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत असायला लागते. एकाच घरातल्या दोन जावा, एक ओबीसी आणि एक खुल्या प्रवर्गातली, एकाच तहसील कार्यालयात गेल्या तरी दोघींकडे वेगळ्या माणसांचे उत्पन्न मागतात ते यामुळे. शिवाय केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा. अखिल भारतीय जागांसाठी केंद्रीय नमुन्यातलेच प्रमाणपत्र चालते आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा आरक्षणाचा) प्रवर्गातल्या उमेदवाराला नीटच्या अर्जात तो प्रवर्ग सापडणार नाही, तो राज्याच्या कॅप नोंदणीत नोंदवायचा असतो.

मुलींसाठी एक सोय आवर्जून तपासा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की ही सवलत गेली. वसतिगृह आणि खाणावळ यात धरलेली नाही.

नंतरचा वयाचा हिशेब

एमबीबीएस साडेचार वर्षे आणि एक वर्ष आंतरवासिता. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यास वर एका वर्षाची सामाजिक जबाबदारी सेवा, म्हणजे शासकीय आरोग्यसेवेत काम. ३४ व्या वर्षी प्रवेश घेतलेला माणूस साडेचाळिशीला मोकळा होतो, पदव्युत्तर केले तर आणखी तीन वर्षे. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत सुटली पाहिजे आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपला पाहिजे. स्वतःचा दवाखाना टाकायला मात्र वय कोणी विचारत नाही.

नर्सिंगची बाजू इथे अनेकांना चकवते. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत सर्वसाधारण वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असते. ३४ व्या वर्षी बीएस्सी नर्सिंग सुरू केले तर चार वर्षांनी अधिपरिचारिकेच्या भरतीचे दार खुल्या प्रवर्गासाठी मिटतच आलेले असते. त्याच वयात तीन वर्षांचे जीएनएम केले तर एक वर्ष हाताशी राहते. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेची मर्यादा तर ३० आहे, वर प्रवर्गानुसार सवलत. म्हणून सरकारी नोकरी हाच हेतू असेल तर खुल्या प्रवर्गातल्या ३३-३४ च्या उमेदवाराने पदवीचा मोह सोडून जीएनएम घ्यावे. खासगी रुग्णालयात राहायचे किंवा पुढे शिकवायचे असेल तर बीएस्सीच.

हजेरीचे गणितही घरी बसून करा. बीएस्सी नर्सिंगला परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते, पदवी मिळण्यापूर्वी वॉर्डमधली प्रात्यक्षिके १०० टक्के भरून द्यावी लागतात. मुलाच्या आजारपणात चुकलेली ड्यूटी सुट्टीत भरावी लागते. एमबीबीएसला थिअरीत ७५ आणि प्रात्यक्षिकात ८० टक्के. नोकरी सांभाळून यातले काहीच होत नाही. ‘फक्त परीक्षेला या’ असे सांगणारी संस्था दिसली की पाय मागे घ्या.

पैसे भरण्यापूर्वी शेवटची तपासणी : संस्थेचे नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, आणि तुमच्या अभ्यासक्रमाला त्याच वर्षासाठी मान्यता आहे का. सहा महिन्यांचे किंवा वर्षभराचे ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स तालुक्याच्या ठिकाणी जीएनएमच्याच थाटात विकले जातात. त्यावर कौन्सिलची नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर परिचारिका म्हणून नेमणूक नाही.

कॅपमध्ये जागा लागली की मूळ कागदपत्रे कॉलेजात जमा होतात. नर्सिंगला प्रवेश घेऊन एमबीबीएसच्या पुढच्या फेरीची वाट पाहणार असाल तर आधी सगळ्याच्या साक्षांकित प्रती आणि स्कॅन काढून ठेवा, आणि प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख कॅलेंडरवर लिहा. ती उलटली की शुल्क परत मिळत नाही. मिळालेली जागा कायम ठेवण्याचा ‘स्टेटस रिटेन्शन’ अर्ज तर माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय भरूच नका. तो भरला की त्या प्रक्रियेच्या पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता.