तीन वर्षांची पुंजी आणि एक क्वार्टरबॅक

२६ मार्च २०२१ रोजी अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाने मायामी डॉल्फिन्सशी एक सौदा केला. नवोदित खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये आपला बारावा नंबर सोडून त्यांनी मायामीचा तिसरा नंबर घेतला. बदल्यात बाराव्या नंबरासोबत २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी, शिवाय तिसऱ्या फेरीतली एक निवड मायामीला दिली. एवढं सगळं ट्रे लान्स नावाच्या एका क्वार्टरबॅकसाठी. लान्स या संघाकडून सुरुवातीपासून मैदानात उतरला तो फक्त चार सामन्यांत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. तोवर त्याच संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा, म्हणून घेतलेला ब्रॉक पर्डी जम बसवून होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्डीने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

सांता क्लारात या संघाच्या स्टेडियमच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना ही कथा पाठ असेल. बहुतेकांचा निष्कर्ष एकच: ‘स्काउट लोकांना (नवे खेळाडू हेरणाऱ्यांना) खेळाडू ओळखता आला नाही.’ मला हा निष्कर्ष पटत नाही. खेळाडू ओळखता येत नाही हे धरूनच चालायचं असतं. चूक झाली ती ओळखता येतो असं समजून किंमत मोजण्यात.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू आला की अंगावर धावून येणारे राक्षसी देहाचे गडी पोहोचण्याआधी त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात कोणता सहकारी मोकळा होणार ते ताडून चेंडू फेकायचा. संघाचं नशीब या एका माणसावर जितकं अवलंबून असतं तितकं क्रिकेटमध्ये कुणावरच नसतं. दहा-बारा वर्षं संघ पेलू शकेल अशा खेळाडूला फ्रँचायझी क्वार्टरबॅक म्हणतात. संघ ३२ आणि असे खेळाडू एका वेळी फार तर दहा-बारा. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, सात फेऱ्यांचा. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला तो आधी निवडतो. हे नंबर मात्र संघ आपसांत सौदे करून देऊ-घेऊ शकतात, आणि सगळी गंमत तिथे आहे.

पगाराचं गणितही समजून घ्यायला हवं. २०१० मध्ये पहिल्या नंबरावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, ७.८ कोटी डॉलरचा होता. त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ मध्ये नियम बदलले आणि नंबरानुसार पगार ठरून गेले. त्या वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २.२ कोटी मिळाले. आज प्रस्थापित क्वार्टरबॅक वर्षाला ५-६ कोटी डॉलर घेतो. डॅक प्रेस्कॉटने २०२४ मध्ये वर्षाला ६ कोटींचा करार केला. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी होती. म्हणजे नवखा क्वार्टरबॅक चांगला निघाला तर चार वर्षं कोट्यवधी डॉलर वाचतात आणि ते इतर खेळाडूंवर खर्च करता येतात. तरुण क्वार्टरबॅकसाठी संघ वेडे का होतात, ते यावरून कळेल. वेड समजण्यासारखं आहे. मोजलेली किंमत मात्र नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. थोडी आकडेमोड आहे, पण शाळेत सरासरी काढली असेल तर जमेल.

स्काउट खेळाडूला जे गुण देतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: खेळाडूची खरी कुवत आणि स्काउटची चूक. चूक म्हणजे मूर्खपणा नव्हे. कॉलेजचा हंगाम असतो बारा-तेरा सामन्यांचा. समोरचे बचावपटू संथ, सहकारी कधी फार चांगले तर कधी अगदीच सुमार. लान्स दुय्यम श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये खेळला होता आणि कोविडमुळे २०२० मध्ये त्याला एकच सामना मिळाला. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर अंदाज बांधायचा तर तो चुकणारच, आणि दोन्ही दिशांना चुकणार.

समजा, ड्राफ्टमध्ये येणाऱ्या क्वार्टरबॅकची खरी कुवत सरासरी ६० आहे आणि तिचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १० आहे. दोन तृतीयांश मुलं ५० ते ७० च्या दरम्यान. स्काउटच्या चुकीचा पसाराही १० धरू. आता ‘अ’ ला ९० गुण मिळाले आणि ‘ब’ ला ८४. ‘अ’ ची खरी कुवत किती असेल? ९० हे उत्तर चूक आहे. गुणांमधली निम्मी उलथापालथ कुवतीमुळे आणि निम्मी चुकीमुळे आहे, म्हणून सरासरीपासूनचं ३० गुणांचं अंतर निम्मं करायचं. उत्तर ७५. त्याच न्यायाने ‘ब’ ७२. सहा गुणांचा फरक तीनवर आला. ‘अ’ खरोखर ‘ब’ पेक्षा सरस असण्याची शक्यता मोजली तर ६२ टक्के येते.

आता चुकीचा पसारा १० ऐवजी २० करा. पसाऱ्यांचे वर्ग घ्यायचे: १०० आणि ४००. एकूण ५०० मधला कुवतीचा वाटा १००, म्हणजे एक पंचमांश. मग ‘अ’ चं ३० चं अंतर उरतं ६, उत्तर ६६. ‘ब’ चं ६४.८. आणि ‘अ’ सरस असण्याची शक्यता? जेमतेम ५४ टक्के. नाणं उडवल्यासारखंच की! टीव्हीवर मात्र ‘अ’ पिढीतून एकदाच जन्मणारा आणि ‘ब’ ठीकठाक.

हे कागदी आकडे झाले. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते) यांनी प्रत्यक्ष ड्राफ्टच्या निकालांवर हे तपासलं. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याचं प्रमाण होतं ५२ टक्के. आकडा सगळ्या जागांचा मिळून आहे, नुसत्या क्वार्टरबॅकचा नाही. तरी २०१८ ची यादी पाहा. क्वार्टरबॅक गेले ते या क्रमाने: मेफिल्ड, डार्नोल्ड, ॲलन, रोझेन, जॅक्सन. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो यातल्या तिसऱ्याला एकदा आणि पाचव्याला दोनदा.

दुसरी भानगड अशी की वरच्या नंबरासाठी सगळ्यात जास्त किंमत कोण देणार? ज्याचा अंदाज सगळ्यात वर गेला आहे तोच. १९७१ मध्ये अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांबद्दल हेच लिहिलं: बोली जिंकणारा सहसा तोच, ज्याने तेलाचा अंदाज सर्वांत जास्त फुगवलेला असतो. याला विजेत्याचा शाप म्हणतात. पुढे बेझरमन आणि सॅम्युएलसन यांनी एमबीएच्या वर्गांत बरण्या ठेवल्या, प्रत्येकीत ८ डॉलरचा ऐवज, आणि लिलाव केला. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता ५.१३ डॉलर, म्हणजे खऱ्यापेक्षा बराच कमी. तरीही जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलरची निघाली! सगळे मिळून सावध असले तरी जिंकणारा बुडतो, कारण आपण जिंकणाऱ्याला निवडतच असतो त्याच्या चुकीवरून.

लीगमध्ये या सौद्यांचे भाव वर्षानुवर्षं एका तक्त्यावरून ठरत आले. तो १९९१ च्या सुमारास डॅलस काउबॉइजच्या माइक मकॉय यांनी बनवला: पहिला नंबर ३००० गुणांचा, दुसरा २६००, तिसरा २२००, असा उतरता. मकॉय हे संघमालक जेरी जोन्स यांचे तेल-वायू धंद्यातले भागीदार, हा योगायोग मला भारी आवडतो. पण तक्ता तयार झाला जुन्या सौद्यांवर वक्र बसवून. लोक काय देतात हे त्यात होतं, खेळाडू काय परत देतो हे नव्हतं. मॅसी-थेलर यांनी नेमकं ते मोजलं आणि अगदी वरचे नंबर अवाच्या सवा महाग असल्याचं दाखवलं. त्यांची आकडेवारी २०११ च्या आधीची आहे, आणि पगार उतरल्यावर वरच्या नंबराची बाजू बरीच सुधारली हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण ५२ टक्क्यांमागचं कारण पगाराशी निगडित नाही. अंदाज तेव्हाही ढोबळ होते, आजही आहेत.

या ढोबळपणाची जागा मग कशाने भरतात? ड्राफ्टआधी इंडियानापोलिसमध्ये होणाऱ्या चाचण्यांत मुलांचे पंजे मोजतात. क्वार्टरबॅक जो बरोचा पंजा नऊ इंचांचा, लहान भरला म्हणून २०२० मध्ये केवढी चर्चा; दुसऱ्याच हंगामात त्याने सिनसिनाटीला सुपर बोलमध्ये नेलं. क्लीव्हलँडने तर २००७, २०१२ आणि २०१४ असे तीन क्वार्टरबॅक नेमक्या २२ व्या नंबरावर घेतले आणि तिन्ही फसले. मग २२ हा आकडाच पनौती ठरला. २०२० मध्ये त्याच २२ व्या नंबरावर मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला घेतलं, लीगमधल्या अव्वल झेल घेणाऱ्यांपैकी एक. आकड्याला काय कळतं कोण कुणाला निवडतंय?

तर मग करावं काय? माझं म्हणणं: अचूक निशाण्याच्या मागे न लागता नेम जास्त वेळा धरावा. समजा, वर चढून घेतलेला पोरगा यशस्वी होण्याची शक्यता ५० टक्के आणि आपल्या नंबरावर मिळणारा ३० टक्के. (आकडे उदाहरणादाखल.) एकाच्या पायी तीन वर्षांच्या निवडी घालवल्या तर हातात ५० टक्के. तीन वर्षांत तीन वेगळे क्वार्टरबॅक घेतले तर तिघेही फसण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ३४ टक्के. निदान एक लागण्याची ६६.

वॉशिंग्टनने २०१२ मध्ये हे दोन्ही करून दाखवलं. रॉबर्ट ग्रिफिनसाठी पहिल्या फेरीतल्या तीन आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड दिली, आणि त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत कर्क कझिन्सलाही घेतलं, त्यावर टीकाही झाली. ग्रिफिनचं पहिलं वर्ष झळाळतं होतं, मग गुडघा गेला. पुढे संघ सांभाळला कझिन्सने. त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत, ७५ व्या नंबरावर, सिॲटलने रसेल विल्सनला उचललं आणि दुसऱ्याच हंगामात सुपर बोल जिंकला. ॲरिझोनाचं उदाहरण तर मी आवर्जून देतो. २०१८ मध्ये दहावा म्हणून घेतलेला रोझेन वर्षभरात फसतोय असं दिसताच २०१९ मध्ये त्यांनी पहिल्या नंबरावर सरळ कायलर मरेला घेतलं. ‘एवढं खर्च केलंय, अजून एक संधी देऊ’ हा विचार केला नाही.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, मी वर ०.७ चा गुणाकार बिनदिक्कत केला, पण तो चालतो तीन प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. तोच प्रशिक्षक, क्वार्टरबॅकला वाचवणारी तीच गळकी फळी असेल तर तिघेही एकाच कारणाने फसतील. डार्नोल्ड न्यूयॉर्क जेट्सकडे टाकाऊ ठरला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकले. जॉश ॲलनचे पहिल्या हंगामात ५२.८ टक्के पास यशस्वी झाले होते, तिसऱ्यात ६९.२ टक्के. माणूस तोच. म्हणून आधी फळी बांधावी, आणि दुसऱ्याने टाकलेला पंचविशीतला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळत असेल तर तोही एक प्रयत्न समजावा.

दुसरा आक्षेप: मग कॅन्सस सिटीच्या यशस्वी क्वार्टरबॅकचं, माहोम्सचं काय? कॅन्सस सिटी २०१७ मध्ये २७ वरून १० वर चढलीच होती, आणि ॲलनसाठी बफेलोही. खरंय. पण किंमत बघा. कॅन्सस सिटीने पुढच्या वर्षाची एक पहिली फेरी आणि एक तिसरी फेरी दिली. बफेलोने २०१८ मध्ये १२ वरून ७ वर यायला दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी दिल्या, पुढच्या वर्षाला हातही लावला नाही. चार पायऱ्या चढाव्यात, डोंगर विकत घेऊ नये. आणि कुणी टॉम ब्रेडीचं नाव काढेल, १९९ व्या नंबरावरून सात सुपर बोल, तर एवढंच सांगतो की सहाव्या फेरीत निवडलेले आणि कुणाच्याच लक्षात न राहिलेले क्वार्टरबॅक ढिगाने आहेत. चांगले क्वार्टरबॅक बहुतेक पहिल्या फेरीतूनच येतात. म्हणून प्रयत्न पहिल्या फेरीत करावेत, फक्त आपल्या नंबरावर.

एवढं साधं गणित संघांना कळत नाही? आकडेशास्त्रज्ञ आता त्यांच्या पगारावर असतात, सगळं कळतं. अडचण वेगळी आहे. यंदाच्या दुसऱ्या फेरीतली निवड हवी असेल तर पुढच्या वर्षाची पहिली फेरी द्यावी लागते, असा या बाजारातला रूढ भाव. मॅसी-थेलर यांनी त्यावरून व्याजाचा दर काढला: वर्षाला १३६ टक्के. सावकारसुद्धा लाजेल. ऋण काढून सण करण्याची ही रीत व्यवस्थापकाच्या दृष्टीने मात्र चोख शहाणपणाची, कारण दोन वर्षांत निकाल दिसला नाही तर नोकरी जाणार, आणि पुढच्या निवडी पुढच्या माणसाच्या.

२०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सने ब्राइस यंगसाठी पहिला नंबर घेतला. शिकागोला दिला तो नववा नंबर, दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी, २०२४ ची पहिली फेरी आणि डीजे मूर हा संघातला सर्वोत्तम झेल घेणारा, म्हणजे नव्या पोराने चेंडू फेकायचा तोच माणूस. दुसऱ्या नंबरावर ह्यूस्टनने सी. जे. स्ट्राउडला घेतलं; आक्रमणातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाला. कॅरोलायना १७ पैकी २ सामने जिंकली. त्यामुळे शिकागोला दिलेली २०२४ ची निवड थेट पहिल्या नंबराची ठरली आणि तिच्यावर त्यांनी केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. तोवर कॅरोलायनाच्या प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यातच आणि सरव्यवस्थापकाला जानेवारीत नारळ मिळालेला होता.