कोकणातल्या शहरांतले सायकलचे नियम

रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी, अलिबाग अशा किनारपट्टीवरच्या शहरांत सायकल कशी चालवायची नि कुठे लावायची याचे नियम आहेत, पण एका जागी लिहिलेले नाहीत. थोडे पोलीस कायद्यात, थोडे नगरपरिषदेकडे आणि उरलेले बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या तोंडी.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल मोटार वाहन नाही, म्हणून लायसन, नंबरप्लेट, इन्शुरन्स काही लागत नाही. बॅटरीवाल्या सायकलचं मात्र बघून घ्यायचं, मोटर २५० वॅटच्या आत, स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि तसं सरकारी अप्रूव्हल असेल तरच ती सायकल, नाहीतर आरटीओ पासिंग आलंच, दुकानदार काहीही सांगू दे.

खरी पकड १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याची, ज्याच्या व्याख्येत वाहन म्हणजे सायकलपण आली. त्याच्या कलम ३३ खाली रहदारीचे नियम काढता येतात, वाहनाला दिवे किती नि कुठे लावायचे हेही त्यातच. वन-वेचा घोळ इथेच होतो. बोर्डामागची अधिसूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ची असेल तर ती मोटार वाहनांपुरती, पोलीस कायद्याखालची असेल तर सायकलवाल्यालाही लागू होऊ शकते, आता बोर्डाखाली उभं राहून हे कोण तपासणार? त्यामुळे बहुतेकजण उतरून सायकल हातात धरून ढकलत नेतात, ते बरंही आहे. पूर्वी बऱ्याच नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या, त्याचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा, आणि डबल सीट किंवा रात्री बिनदिव्याचं कोणी सापडलं की हवालदार चाकातली हवा सोडायचा. हवा सोडणं कुठल्या कलमात बसायचं देव जाणे, पण दंडापेक्षा लोक त्यालाच जास्त घाबरायचे.

पार्किंगला रस्ता अडवायचा नाही हा एकच मोठा नियम. पोलीस कायद्यात त्यासाठी कलम १०२ आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली दंड ५००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, जुन्या दंड संहितेत तो २०० होता. सायकलवर एवढं कोणी लावत नाही, बाजूला घे म्हणतात नाहीतर स्वतःच उचलून गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकवून ठेवतात. सम-विषम पार्किंगचे बोर्ड असतात तिथेही सायकल दोन स्कूटरच्या फटीत घुसवलेली चालते. आठवडा बाजाराच्या दिवशी, म्हणजे मालवणात सोमवारी, सावंतवाडीत मंगळवारी, कुडाळात बुधवारी, बाजारपेठेत सायकल न्यायचीच नाही हे बरं, अलीकडे कुठेतरी लावून चालत जावं. गणपतीत तर रस्तेच बदलतात, त्या आठवड्यात पोलिसांची नोटीस वाचूनच घराबाहेर पडायचं.

उताराबद्दल वेगळा नियम नाही, पण असायला हवा होता. रत्नागिरीत मारुती मंदिराकडून जयस्तंभाकडे येताना सायकल आपोआप पळते, आणि बेदरकारपणे चालवून लोकांच्या जिवाला धोका केला तर न्याय संहितेचं कलम २८१ सायकललाही लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पावसात लाल चिखल नि शेवाळ असतं तेव्हा कायद्याच्या आधी रस्ताच शिक्षा देतो. पाखाडीच्या, म्हणजे चढाच्या दगडी पायवाटेच्या, पायऱ्यांवर सायकल खांद्यावर घ्यायची, दुसरा उपाय नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेशवी-बागमांडला या फेरीबोटींवर मात्र सायकल घेऊन जाता येतं, चढता-उतरताना ती हातात धरून न्यायची.

मुंबई-गोवा हायवेवर, म्हणजे एनएच ६६ वर, सायकल न्यायची की नाही हा नवा वादाचा मुद्दा. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये १अ पोटकलम आलं आणि सायकलसारख्या बिनमोटारी वाहनांसाठी राज्य सरकारला नियम करता येतील असं ठरलं, राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाशी बोलून. कणकवलीत गावातल्या गावात जाणारे सायकलवाले मात्र फ्लायओव्हर सोडून खालचा सर्व्हिस रोडच धरतात.