व्यायाम वेगळा, हालचाल वेगळी

पुण्यात रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर तासभर चालणारे कितीतरी लोक आहेत. त्यातल्या एखाद्याचा पुढचा दिवस पाहा. गाडीने ऑफिस, लिफ्टने वर, आठ-नऊ तास खुर्ची, परत गाडी, परत लिफ्ट, मग सोफा. या माणसाचा व्यायाम चोख झाला, हालचाल मात्र जवळजवळ झालीच नाही. त्याच इमारतीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताई दिवसभर वाकतात, उचलतात, जिने चढतात-उतरतात. त्यांची हालचाल भरपूर, व्यायाम शून्य. दोघांनाही ‘जरा चालत जा’ असा एकच सल्ला देऊन भागत नाही. पण आपल्या वस्त्यांमधले आरोग्याचे उपक्रम बहुतेक वेळा तेवढंच करतात.

शास्त्रात हा भेद १९८५ साली कॅस्पर्सन या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट मांडला. स्नायू वापरून, ऊर्जा खर्चून शरीर जे काही करतं ते सगळं हालचालीत येतं. केर काढणं, मंडईतून पिशव्या आणणं, बसस्टॉपपर्यंत चालणं, सगळंच. त्यातला जो भाग आपण ठरवून, नियमाने, शरीराची क्षमता वाढावी म्हणून करतो, तो व्यायाम. म्हणजे व्यायाम हा हालचालीचाच एक तुकडा आहे, आणि दिवसाच्या हिशेबात फार छोटा. जागेपणीचे सोळा तास धरले तर व्यायामाला त्यातला एक मिळतो. उरलेल्या पंधरा तासांबद्दल कोणी विचारत नाही.

या पंधरा तासांचं मोल पहिल्यांदा दिसलं ते लंडनच्या डबलडेकर बसमध्ये. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकांनी १९५३ साली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. नोकरी एकाच कंपनीची, बसही तीच. पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं देत वरखाली. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. मुंबईत बेस्टच्या डबलडेकरचा जिना धावत्या बसमध्ये चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लगेच पटेल. मॉरिस मात्र तिथे थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी नोकरीला लागतानाच कमरेला मोठ्या होत्या असं दिसलं. म्हणजे फरकाचा काही भाग आधीपासूनचा होता. तरी मूळ निष्कर्ष पुढच्या असंख्य अभ्यासांत टिकला. त्या कंडक्टरांचा जिना हा व्यायाम नव्हता, त्यांचं रोजचं काम होतं.

ही साधी हालचाल शरीरात नेमकं काय करते, याचं उत्तम उदाहरण शतपावली. जेवणानंतर रक्तात साखर वाढते. पायांचे मोठे स्नायू काम करू लागले की ते ती साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर पूर्ण अवलंबून राहावं लागत नाही. म्हणून जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीचा मधुमेहींना खास फायदा होतो, आणि सकाळच्या व्यायामाने या फेरीची उणीव भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वी ‘सलग निदान १० मिनिटं झाली तरच मोजा’ अशी अट ठेवली होती. २०२०च्या मार्गदर्शनात ती काढून टाकली. दोन मजल्यांचा जिनाही आता हिशेबात धरला जातो.

मग व्यायाम कशाला? कारण काही गोष्टी नुसत्या हालचालीने होत नाहीत. हृदय-फुप्फुसांची ताकद वाढायला दम लागेपर्यंत श्रम लागतात. स्नायू आणि हाडं टिकवायला वजन, ताण, प्रतिकार लागतो. म्हणून त्याच मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत.

इथेच घरोघरी ऐकू येणारं वाक्य तपासायला हवं: ‘दिवसभर घरात राबते, मला कसला वेगळा व्यायाम?’ ते कळकळीने म्हटलेलं असतं, आणि थकवाही खरा असतो. पण ओट्यापाशी दोन तास उभं राहून पाय भरून येतात, श्वास वाढत नाही. थकणं आणि क्षमता वाढणं या निराळ्या गोष्टी आहेत. २०२४मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे सक्रिय नव्हते. पुरुषांत सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७. या मोजणीत घरकामही धरलेलं असतं, तरी हा आकडा. यात बायकांचा आळस शोधणाऱ्यांचा मला राग येतो. स्वतःसाठीचा अर्धा तास आणि घरातल्यांनी उचललेला कामाचा वाटा मिळाल्याशिवाय हा आकडा हलणार नाही.

दिवसभर ओझी वाहणाऱ्या हमालाची गोष्ट आणखी वेगळी. त्याला आधी विश्रांती हवी.

बसून काम करणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. २०१६मध्ये एकेलुंड आणि सहकाऱ्यांनी दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम श्रम करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून अधिक बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका दिसेनासा झाला. पण रोज सव्वा तास किती जणांना जमेल? बाकीच्यांना दिवसभरातली हालचालच वाढवावी लागेल.

आणि ती वाढते आजूबाजूच्या सोयीमुळे. योग शिबिर, ओपन जिम, मॅरेथॉन हे सगळं चांगलंच आहे, पण तिथे बहुधा तेच येतात ज्यांना आधीपासून गोडी आहे. जिना वापरायला मात्र गोडी लागत नाही. त्यात दिवा हवा, पायऱ्यांवर जुन्या सायकली आणि कुंड्या नकोत, कठड्याला धरता यावं. किराणा दुकान पाच मिनिटांवर असूनही आजी रिक्षा करतात, कारण फुटपाथवर दुचाक्या उभ्या असतात आणि वाटेत टेकायला एक बाक नसतो. बाहेर स्वच्छतागृह नाही म्हणून कितीतरी बायका लांबचा फेरफटका टाळतात. ११ डिसेंबर २०२१ला पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यात वाहनं थांबवून पादचारी दिन साजरा केला. एरवी अंग चोरून चालावं लागतं तो रस्ता त्या दिवशी पायी फिरणाऱ्यांचा झाला.

सोसायटीत काही सुरू करायचं असेल तर व्यायामाच्या वर्गाआधी जिन्यातला दिवा बदला, आणि गेटपासून दुकानापर्यंतच्या वाटेची तक्रार प्रभागाच्या कार्यालयात द्या. वर्गही जरूर भरवा, पण स्त्रियांना विचारून वेळ ठरवा. सकाळचे सात ही डब्यांची वेळ असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जिना चढावा, उतरताना लिफ्ट घ्यावी. आणि चढताना छातीत दुखलं किंवा दडपण आलं, तर तिथेच थांबून आधी डॉक्टर गाठावेत.