पार्श्वभूमी : इम्प्लांटचा ‘आधार’ म्हणजे नेमके काय?

खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेल्या की काढता-घालता येणाऱ्या अर्धवट कवळीची खरी परीक्षा सुरू होते. 1925 साली मांडलेल्या आणि आजही शिकवल्या जाणाऱ्या, काही दात गेलेल्या जबड्यांच्या वर्गीकरणात हा प्रकार पहिल्या वर्गात बसतो. पुढे दात, मागे नुसती हिरडी. दाबाखाली दात साधारण 25 ते 100 मायक्रॉन खाली जातो, हिरडी त्याच्या कित्येक पट दबते. परिणामी घास चावताना कवळीचे मागचे टोक खाली दबते आणि आकडा (कवळीला दातावर धरून ठेवणारी पकड) घातलेला शेवटचा दात तरफेसारखा ओढला जातो.

ही ओढ कमी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. कवळीचा धातूचा सांगाडा आणि तिचा मागचा भाग यांच्यामध्ये हलता सांधा ठेवणे, हिरडीचा वेगळा ठसा घेणे, भार येताच दातापासून सुटेल असा आकडा घडवणे, असे उपाय 1970 च्या दशकापर्यंत होत राहिले. हिरडीचे दबणे मात्र कोणालाच थांबवता आले नाही.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनमध्ये 1950 च्या दशकात सशांवरील प्रयोगात दिसले आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. पण इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचा, भर राहिला तो पक्क्या दातांवर आणि पूर्ण कवळीवर. एकही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा, असे 2002 मध्ये मॉन्ट्रियलमधल्या तज्ज्ञांनी जाहीर केले. अर्धवट कवळीला असा मान कधी मिळाला नाही. तिच्या मागच्या टोकाखाली एखादा इम्प्लांट घालण्याचे प्रयोग 1990 च्या दशकापासून वाढले, आणि त्यांच्याबरोबर शब्दांचा घोळही.

‘इम्प्लांटचा आधार असलेली कवळी’ असे लिहिले जाते तेव्हा निदान तीन वेगळ्या गोष्टी अभिप्रेत असतात. इम्प्लांटवर नुसती गोल टोपी बसवली, तर कवळी तिच्यावर टेकते, पण उचलली तर सहज निघते. हा खरा आधार, पकड शून्य. चेंडूसारखे टोक आणि त्यावर नायलॉनची वाटी असेल, तर कवळी सुटत नाही. मात्र वाटीखाली फट ठेवली असेल, तर चावताना भार आधी हिरडीच घेते. ही मुख्यतः पकड. आणि दात, हिरडी, इम्प्लांट तिघेही भार वाटून घेतात ती तिसरी तऱ्हा, जिला ‘साहाय्य’ म्हणणे जास्त प्रामाणिक ठरेल.

हा शब्दच्छल नव्हे. संगणकावरच्या सान्त घटक विश्लेषणात (वस्तूचे लहान तुकडे कल्पून ताण मोजण्याच्या पद्धतीत) कवळी आणि इम्प्लांट जणू चिकटवलेले आहेत असे धरले, की भार सरळ इम्प्लांटच्या मानेभोवतीच्या कठीण हाडावर जमतो. सरकू शकणारा संपर्क धरला, की चित्र पालटते. मग दोन निबंध एकमेकांच्या विरोधात जातात असे वाटते. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या कवळ्यांबद्दल बोलत असतात.

इम्प्लांट कुठे घालायचा, हा वादही इथूनच पेटला. दुसऱ्या दाढेच्या जागी घातला तर कवळी दोन खांबांवरच्या तुळईसारखी टेकते आणि तिचे खाली दबणे सर्वांत कमी होते. शेवटच्या दाताला लागून घातला तर त्या दाताला दिलासा मिळू शकतो, पण मागचा भाग पुन्हा अधांतरी राहतो. ताणाच्या हिशेबात मागची जागा मला जास्त पटते. पण तिथले हाड दात गेल्यावर झिजते आणि खालून चेतातंतूची नळी जाते, त्यामुळे व्यवहारात अनेकजण पुढेच थांबतात. पुढच्या इम्प्लांटवर नंतर पक्का दात बसवता येतो, हाही त्यांचा हिशेब असतो.

बहुतेक अभ्यास कोबाल्ट-क्रोमियमचा ओतीव सांगाडा आणि दातावर टेकणारे रेस्ट (सांगाड्याचे छोटे टेकू) गृहीत धरतात. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ‘पार्शल’ अ‍ॅक्रिलिकची असते, ती बहुधा रेस्टविना सगळीच हिरडीवर बसते. तिच्याखाली इम्प्लांट घातला तर ओतीव सांगाड्यासाठी काढलेले निष्कर्ष तसेच्या तसे लागू होत नाहीत.