कुड, शुड, मस्ट: तक्त्यामागचा इतिहास

मुंबईतल्या कुठल्याही मराठी शाळेत इंग्रजीच्या वहीत हा तक्ता सापडतो: कॅनचा भूतकाळ कुड, शॅलचा शुड, विलचा वुड, मेचा माइट. तक्ता खोटा नाही. पण तो हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला जेवढा लागू होता तेवढा आज नाही, आणि मुलं अडखळतात ती नेमकी इथेच.

जुन्या इंग्रजीत ही रूपं खरोखरच भूतकाळ सांगायची. त्याहून जुनी गोष्ट अशी की कॅन, शॅल आणि मे हीच मुळात भूतकाळी रूपं. त्यांचा अर्थ वर्तमानाचा झाला, तेव्हा त्यांना नवा भूतकाळ घडवावा लागला. 'ही कॅन'ला एस का लागत नाही, याचं उत्तर या वंशावळीत आहे. पाठ करून घेण्याआधी एवढं तरी मुलांना सांगायला हवं. कुडच्या स्पेलिंगमधला एल मूळचा नाही. वुड आणि शुड यांच्या पंगतीत बसताना तो मागाहून आला.

पुढे या रूपांमधला भूतकाळ झिजत गेला आणि ती शक्यता, अट, अदब दाखवू लागली. 'कुड यू ओपन द विंडो?' यात काल-परवाचं काहीच नाही. मग गेलेल्या वेळेबद्दल बोलायचं कसं? मध्ययुगीन इंग्रजीत त्यासाठी हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप जोडायची रीत रुळली: कुड हॅव गॉन, शुड हॅव टोल्ड. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो' यात 'आलो' आहे, पण येणं झालेलंच नाही. आपला संकेतार्थ हेच काम करतो.

मुंबईत मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रात शेजारी-शेजारी छापून यायला लागल्या त्या 1832 मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'मध्ये. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं. त्या काळात इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये लिंडली मरे यांच्या 1795च्या व्याकरणाचा दबदबा होता. त्यात मे आणि कॅन वर्तमानाच्या खणात, तर माइट, कुड, वुड, शुड भूतकाळाच्या खणात. आपला तक्ता त्याच परंपरेतला.

त्याचा त्रास कुठे होतो ते बघा. दादरला धावत जाऊन आठ बाराची फास्ट मिळाली, की आपण सहज म्हणतो, 'आय कुड कॅच द ट्रेन.' एकदाच साधलेल्या गोष्टीला इंग्रजीत असं कुड चालत नाही. तिथे 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' लागतं. गाडी चुकली तर 'कुडन्ट कॅच' मात्र बरोबर. आणि 'कुड हॅव कॉट' म्हणजे मिळाली असती, पण मिळाली नाही.

मस्टची कथा आणखी वेगळी. तो स्वतःच एका जुन्या क्रियापदाचा भूतकाळ. मूळ रूप लोपलं आणि मस्ट वर्तमानात येऊन बसला. त्याला नवा भूतकाळ मिळालाच नाही. म्हणून 'जावं लागलं' यासाठी 'हॅड टू गो' घ्यावं लागतं. 'मस्ट हॅव गॉन'चा अर्थ 'नक्की गेला असणार' एवढाच. जाणं सक्तीचं होतं की नाही, याबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही.