जमिनीवर लोळणारा दोर

दोर म्हटला की आपण विचारतो, किती वजन पेलेल? बलूनवाल्यांना मात्र एके काळी दोराचे स्वतःचेच वजन हवे असे.

चार्ल्स ग्रीन हा इंग्रज बलूनवाला नोव्हेंबर 1836 मध्ये लंडनहून निघून 18 तासांनी आजच्या जर्मनीतल्या वाइलबुर्गजवळ उतरला. त्याच्याकडे टोपलीतून खाली सोडायचा सुमारे 300 मीटर लांबीचा दोर होता. बलून खाली येऊ लागला की दोर जास्त जमिनीवर टेकतो, तेवढे ओझे उतरते आणि घसरण थांबते. वर जाऊ लागला की लोळणारा दोर उचलावा लागतो. वाळूची पिशवी एकदा फेकली की गेली; दोर मात्र तेच काम पुन्हा पुन्हा करतो.

स्वीडनच्या सालोमन आंद्रेला त्याहून जास्त हवे होते. मोकळा बलून वाऱ्याच्याच वेगाने जातो, त्यामुळे टोपलीत वारा लागतच नाही. मग शीड कसे फुगणार? दोर घासत नेला तर बलून वाऱ्यामागे पडेल आणि शिडाने दिशा वळवता येईल, हा त्याचा हिशेब. 11 जुलै 1897 ला तो दोन साथीदारांसह आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरून उत्तर ध्रुवाकडे निघाला. अडकलेला दोर सोडवता यावा म्हणून त्याचे तुकडे आट्यांनी जोडले होते. पाण्यात घासताना दोर पिळवटले, आटे सुटले आणि अर्ध्या टनाहून अधिक दोर निघताक्षणीच गेला. सावधगिरीच नडली! हलका झालेला बलून 700 मीटरपर्यंत चढला, हायड्रोजन निसटत राहिला आणि 14 जुलैला तिघे बर्फावर उतरले. त्यांचे अवशेष 1930 मध्ये क्वितओया बेटावर सापडले.

लष्करी गाड्या ओढताना मात्र दोराच्या वजनापेक्षा तो किती ताणतो हे महत्त्वाचे. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाइन्स घेतले आणि अमेरिकेला मनिला दोर, म्हणजे केळीच्या भाऊबंद झाडाचा वाख, दुर्मीळ झाला. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमाने, ओढायला मग नायलॉन आला. पोलादी तार जेमतेम ताणते, त्यामुळे हिसका थेट हुकांवर बसतो. नायलॉनचा 10 मीटर दोर दोन-तीन मीटर लांबतो. म्हणून रुतलेल्या रणगाड्याला तो बांधून दुसरी गाडी थोडी पळवतात. तिची गतिज ऊर्जा दोरात साठते आणि हळूहळू ओढीत उतरते.

पण तुटला तर तीच ऊर्जा एकदम सुटते आणि हुक गोळ्यासारखा येतो. म्हणून दोराच्या रेषेत कोणी उभे राहत नाही. शिवाय नायलॉन पाणी पितो आणि भिजला की 10 ते 15 टक्के ताकद गमावतो. आणि गाड्या रुततात त्या चिखलातच.