माकूलचं वय ओळखायचं कसं?

भरती ओसरल्यावर किनाऱ्यावर कधीकधी पांढरा, होडीच्या आकाराचा, कापसासारखा हलका तुकडा सापडतो. नखाने ओरखडलं तर खडूसारखी पूड पडते. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तोच हा समुद्रफेन. नावात फेन असला तरी तो फेस नव्हे, ते कटलफिशच्या पाठीत दडलेलं कवच आहे. (कोकणात कटलफिश आणि स्क्विड दोघांनाही माकूल म्हणतात. इथे बोलतोय ते कटलफिशबद्दल, स्क्विडच्या अंगात असं चुनखडी कवच नसतं.)

हा तुकडा मधोमध उभा कापून भिंगाखाली धरावा. चिरोट्यासारखे पापुद्रे दिसतात, एकावर एक, आणि दोन पापुद्र्यांच्या मधे अतिशय बारीक खांब. त्या खांबांमधल्या पोकळीत वायू आणि द्रव असतो. द्रवाचं प्रमाण कमी-जास्त करून माकूल पाण्यात तरंगत राहते. अंग वाढतं तसा खालच्या बाजूला नवा पापुद्रा चढतो.

मग झाडाच्या खोडातली वलयं मोजतात तसे पापुद्रे मोजले की वय कळलंच, असं कुणालाही वाटेल. पण पापुद्रा रोज एक या हिशेबाने चढत नाही. पाणी उबदार आणि खाणं भरपूर असेल तर पापुद्रे भराभर पडतात. थंडीत किंवा उपासमारीत ते सावकाश आणि दाटीवाटीने पडतात. तेवढेच पापुद्रे असलेल्या दोन माकुलींच्या वयात म्हणूनच चांगलाच फरक असू शकतो.

रोजची नोंद असते ती दुसरीकडे. माकूलच्या डोक्यात, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या पोकळीत, एक इवलासा खडा असतो: स्टॅटोलिथ. तो काढायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि उजेड आरपार जाईल इतका पातळ होईपर्यंत घासायचा. जरा हात जड पडला की नमुना गेलाच! नीट जमलं तर सूक्ष्मदर्शकाखाली पुसट कडी दिसतात. बेटेनकूर आणि गेरा या संशोधकांनी 2001 मध्ये टाकीत वाढवलेल्या, म्हणजे जन्मतारीख ठाऊक असलेल्या युरोपीय माकुलींवर हे पडताळून पाहिलं. सुमारे 240 दिवसांपर्यंत दिवसाला एक कडं, हा हिशेब जुळला. पापुद्र्यांचा मात्र जुळला नाही. अडचण अशी, की माकुलींच्या अनेक जातींमध्ये खड्यावरची ही कडी स्पष्ट दिसतच नाहीत.

अशा वेळी पापुद्र्यांचा तोच बेहिशेबीपणा कामी येतो, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. दक्षिण ऑस्ट्रेलियात व्हायआला गावाजवळ, स्पेन्सर आखाताच्या खडकाळ उथळ पाण्यात, दर हिवाळ्यात (तिथला हिवाळा मे ते ऑगस्ट) महाकाय माकुली विणीसाठी हजारोंनी जमतात. कुणी तळहाताएवढी, कुणी हातभर लांब. लहान त्या तरुण आणि मोठ्या त्या म्हाताऱ्या, एवढंच का हे?

कॅरिना हॉल आणि सहकाऱ्यांनी कवचातल्या पापुद्र्यांची संख्या नव्हे, तर त्यांच्यातलं अंतर मोजलं. उन्हाळ्यात पापुद्रे ऐसपैस, हिवाळ्यात खेटून, असं अंतरातच ऋतुचक्र उमटलं होतं. त्यावरून 2007 मध्ये त्यांनी दाखवलं, की इथे दोन तऱ्हेची आयुष्यं आहेत. काही पिल्लं पहिल्याच उन्हाळ्यात झपाट्याने वाढून सात-आठ महिन्यांत वयात येतात आणि लहान चणीनेच विणीला पोचतात. उरलेली सावकाश वाढतात, पहिला हिवाळा तसाच जाऊ देतात आणि दुसऱ्या वर्षी कितीतरी मोठी होऊन येतात. म्हणजे पहिल्या वर्षी जोमाने वाढणारी शेवटी लहान ठरते, आणि रेंगाळलेली मोठी!

मासेमारीच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. माकूल वीण झाली की मरते, मागे जुन्या पिढीचा साठा उरत नाही. एकाच वयाचे प्राणी जमत असतील तर एक वर्ष वाईट गेलं की सगळंच बुडालं. दोन वर्षांच्या पिढ्या मिसळत असतील तर थोडी तरी शिल्लक राहते. तिथे 1999 मध्ये सुमारे 1 लाख 80 हजार माकुली मोजल्या होत्या. 2013 मध्ये तो आकडा जेमतेम 13 हजारांवर आला. नंतरच्या वर्षांत संख्या पुन्हा वाढत गेली.